ठोकळा, सातवा भाग सोडून

९ मे

प्रिय मुंगे,

"मी पुढे जाते, तू मागून ये, म्हणजे कुत्रं आधी मला चावेल." तुझी आई हे म्हणाली तेव्हा ती नऊ वर्षांची असेल, मी पाच. शाळेच्या वाटेवर एक गोदाम होतं, त्याच्या फाटकात ते कुत्रं पसरलेलं असायचं. चावलं कधीच नाही. पण ताई रोज पुढे आणि मी मागे. मी तिची पाठ बघतच मोठी झाले म्हण ना.

काल फोनवर तू म्हणालीस, "पाचवा भाग उघडवत नाही," आणि मग नुसतं "हं, हं." त्या 'हं'चा अर्थ लावता लावता मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवून दिली. बिचारा रस्ता ओलांडून परत आला, म्हणाला, "बाई, फुटपाथ वर येतोय." म्हणून आता पत्र. कागदावर नुसतं 'हं' म्हणता येत नाही.

मला समजलंय ते असं, चुकलं तर सांग. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला येणाऱ्या मुलांना विद्यापीठाने आधी वाचून या म्हणून पुस्तकं सांगितली. त्यातलं पहिलंच उशीएवढं, ज्याला तुम्ही घरात 'ठोकळा' म्हणता. ताईला अंथरुणात तो पेलवेना, मनगटं भरून यायची. म्हणून तुझ्या बाबांनी तो खाली आपल्या बाइंडिंगच्या दुकानात नेऊन कापला आणि त्याचे दहा पातळ भाग शिवून आणले. एक भाग ताईने वाचायचा, मग तुझ्या हातात द्यायचा. जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासलेली बाई ती. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही पुढे जायचं नाही. चौथा भाग तुला दिला आणि ती गेली. पाचव्यात आता कुणीच आधी जाऊन आलेलं नाही. हेच ना?

मग पाचवा भाग मला पाठव. मी वाचते आणि परत पाठवते. मला त्यातलं ओ की ठो कळणार नाही, पण कळायला कुठे हवंय? कुणीतरी आत जाऊन यायला हवं.

आणि जागा पक्की केल्याचं विद्यापीठाला कळवलंस का? मुदत जुलैअखेर आहे म्हणाली होतीस.

भाऊजींना माझा नमस्कार वगैरे सांगू नकोस. ताईसाठी इथल्या मोठ्या इस्पितळात मी खाट मिळवली होती, आणि ते फोनवर "ती येणार नाही" एवढं बोलून मोकळे झाले. माझ्या अजून घशात अडकलंय ते.

तुझी मावशी


१८ मे

मावशी,

पाचवा भाग पाठवतेय. पुठ्ठ्यात गुंडाळून बाबांनीच दिला. कुणाला पाठवतेस, विचारलं नाही. पत्ता वाचला असेल.

तुला समजलंय ते बरोबर आहे. फक्त एक, आई वाचताना माझ्यासाठी खुणा वगैरे करायची नाही. तुला तसं वाटत असेल तर. प्रूफं तपासून तपासून तिला पेन्सिलचा कंटाळा आला होता. भाग दिला की एवढंच म्हणायची, "जा, ठीक आहे." चौथा देतानाही तेच म्हणाली. मग पाणी मागितलं.

इकडे सगळं व्यवस्थित आहे. सकाळी मी खोली झाडते. आईची खाट आम्ही काढली नाही, कारण कुठे ठेवायची हे ठरत नाही. दुपारी मी जेवण वर झाकून ठेवते, बाबा खालून येतात, हाताचा सरस धुतात, जेवतात. "झालं वाचून?" विचारतात. "होतंय," मी म्हणते. होत काहीच नाही. मी उरलेली पुस्तकं टेबलावर उंचीप्रमाणे लावते, मग जाडीप्रमाणे.

सगळे विचारतात, मोकळी झालीस का, रडलीस का. मला रडू येत नाही. येत नाही याचंही काही वाटत नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना आपलाच, पण दुसऱ्याचा वाटतो, तसं आहे. चावला तरी कळणार नाही.

विद्यापीठाचं पत्र कपाटावर आहे.

मुंगी


३ जून

मुंगे,

घे, जाऊन आले. ठीक आहे, जा.

कशी वाचली ते ऐक. पहिले चार दिवस मी नुसती डोळ्यांसमोर धरून बसले. 'सत्ता' या शब्दाची व्याख्या पाच तऱ्हांनी दिली आहे आणि प्रत्येक वेळी मी जांभई दिली. मग एक दिवस एक निवृत्त पोस्टमास्तर आले. जवळचं दिसत नाही म्हणे. वाचायला देते तो छापील तक्ता मला सापडेना, म्हणून हातात होतं तेच दिलं. "वाचा मोठ्याने." त्यांनी वाचलं, "समोरच्याने एरवी जे केलं नसतं ते त्याच्याकडून करवून घेण्याची क्षमता, म्हणजे सत्ता." थांबले. म्हणाले, "बाई, ही आमच्या हिची माहिती तुमच्याकडे कशी?"

तेव्हापासून मी तक्ता शोधलाच नाही. येईल त्याला पाचवा भाग. एक शिंपीणबाई सार्वभौमत्वावरची दोन पानं कुठेही न अडखळता वाचून गेली आणि म्हणाली, "दिसतंय स्वच्छ, पण समजत नाही, तो नंबर वेगळा असतो का?" एका कॉलेजातल्या पोराने वाचता वाचता मलाच समजावून सांगायला घेतलं. सार्वभौम म्हणजे ज्याच्या वर विचारायला कुणी नाही. मी म्हटलं, "म्हणजे अनाथ?" तो म्हणाला, "नाही हो, मावशी!" आणि चष्मा न घेताच गेला.

तर असा तुझा भाग निम्म्या गल्लीने वाचून दिलाय. कोपऱ्यात तेलकट बोट आहे ते माझं नाही.

दुकानात मी अशी हसत असते. मग शटर ओढते, आणि काय करायचं होतं ते आठवत नाही. ते आपलं सांगितलं, तू त्याचं काही करू नकोस.

सहावा आणि सातवा बरोबरच पाठव, टपालखर्च वाचेल. आणि मी जागेचं विचारलं होतं. कपाटावर आहे हे उत्तर नव्हे.

मावशी


२१ जून

मावशी,

पाचवा वाचत आणलाय. सहावा, सातवा पाठवतेय.

पोस्टमास्तरांचं मी बाबांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत पण त्यांनी विचारलं, "आणि पुढे काय म्हणतोय तो?" तो म्हणजे ठोकळा. मी म्हटलं, राज्यांच्या, म्हणजे देशांच्या, वर कुणी नसतं असं म्हणतोय. एवढ्यावर ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी हात धुताना पुन्हा, "काय म्हणतोय आज?"

आता रोज विचारतात. मी दिवसा वाचते ते त्यांना संध्याकाळी सांगायला. परवाचं तुला सांगते. मी म्हटलं, पुढचं प्रकरण तहांवर आहे, राज्यं एकमेकांशी लेखी कबूल करतात.

"आणि नाही पाळलं तर?"

"तर दुसरं राज्य नाराज होतं."

"तक्रार कुणाकडे करायची?"

"तसं कुणाकडेच नाही, बाबा. वर कुणी नाही ना."

"मग सह्या कशाला करतात?"

"बहुतेक जण बहुतेक वेळा पाळतात म्हणे."

ते बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यावर चालतं होय सगळं," आणि जेवायला बसले. आई गेल्यापासून ते इतकं बोललेले नाहीत. आईबद्दल आम्ही बोलत नाही. ठोकळ्याबद्दल बोलतो. ठोकळा संपला की काय बोलायचं, ते मला माहीत नाही, त्यांनाही नसणार. म्हणून मी हळू वाचते. कालची दोन पानं आज पुन्हा वाचली.

जागेचं तू विचारलंस. अजून मुदत आहे. इथे जवळही एक कॉलेज आहे, तिथे हा विषय नाही, पण इतिहास आहे. घरून जाता येतं.

मुंगी


९ जुलै

मुंगे,

सहावा परत पाठवतेय. सातवा अजून माझ्याकडे आहे, का ते सांगते.

सातव्यात लढाई का होते ते आहे. तीन उत्तरं आहेत. माणसंच तशी असतात म्हणून, नाहीतर राज्यंच आतून तशी असतात म्हणून, नाहीतर वर कुणी नाही म्हणून. सगळ्यांचं म्हणणं मांडून तो लेखक बाजूला उभा राहतो. तुला सांगते, मला पहिलं उत्तर पटतं. एकेक माणूसच तसा असतो.

'घरून जाता येतं.' हे तू लिहिलंस, पण हे तुझं वाक्य नाही. मी तुला दोन वर्षांची असल्यापासून ओळखते. तू नकाशा जमिनीवर पसरून त्यावर बसायचीस आणि ताईला म्हणायचीस, "मी कुठे बसलेय सांग." ताईने दुखणं अंगावर काढून तुझ्या प्रवेशासाठी खेपा घातल्या. आणि आता इतिहास आहे, घरून जाता येतं!

भाऊजी बोलत नाहीत, पण अडवायला बोलावं लागत नाही. टॉवेलला हात पुसत उभं राहिलं की झालं. ताईलाही त्यांनी असंच अडवलं. इथे तज्ज्ञ डॉक्टर होते, खाट तयार होती, मी दुकान बंद ठेवून गाडी बोलावली होती. "ती येणार नाही." चार महिने मी ते वाक्य चघळतेय. येणार नाही कोण म्हणालं? तिला विचारलं का कुणी? अंत्यसंस्काराला मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, आणि सगळ्यांसमोर मी त्यांना जे बोलले ते तू ऐकलंस. ते मी परत घेतलेलं नाही.

हे सगळं तुला लिहू नये हे मला कळतं. मोठी माणसं असंच म्हणतात आणि मग लिहितात.

तू जा. बापाला एकटं वाटेल, वाटू दे. सातव्याची उरलेली पानं वाचून पाठवते, तोवर आठवा उघडू नकोस.

मावशी


२० जुलै

मावशी,

तुझं पत्र मिळाल्यावर दोन गोष्टी झाल्या. आधी दुसरी सांगते.

शनिवारी बाबा वर आले ते हात न धुता. टेबलावर त्यांनी ठोकळा ठेवला. अख्खा. माझ्या खोलीतले सगळे भाग त्यांनी नेले होते, मला वाटलं शिवण उसवलीय म्हणून नीट करायला नेले असतील. त्यांनी वरचे पातळ पुठ्ठे काढले, सगळं पुन्हा एकत्र शिवलं, गडद निळं कापड चढवलं, चारी कोपऱ्यांना चामडं. पाठीवर नाव नाही, तिथे माझ्या नावाचं पहिलं अक्षर. ते असं काम आता कुणाचं करत नाहीत, वेळ जातो म्हणतात. म्हणाले, "प्रवासात सुटे भाग हरवतात. एकच असलेलं बरं." आणि खाली गेले.

ते मला अडवत नव्हते, मावशी. घरून जाता येतं हे माझंच वाक्य होतं. मी त्यांच्यासाठी तयार केलं होतं आणि त्यांना दाखवलंही नव्हतं.

मी ठोकळा उघडला. सहाव्या भागाच्या शेवटच्या पानानंतर आठव्याचं पहिलं पान आहे. सातवा तुझ्याकडे आहे ना. बाबा शिवायच्या आधी सगळं दोनदा मोजतात, तू पाहिलंयस, अंगठा फिरवून. पस्तीस वर्षं कुणाचं एक पान त्यांच्याकडून गळलेलं नाही. त्यांना कळलेलं नाही. मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. सातवा तुझ्याकडेच ठेव. त्यात काय आहे ते मला तिथल्या ग्रंथालयात मिळेल.

मी सोमवारी विद्यापीठाला कळवलं. येतेय म्हणून.

आता पहिली गोष्ट. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, हे सांगायला हवं. त्या खाटेसाठी तू फोन केलास त्या दुपारी मी खोलीतच होते, आईचे केस विंचरत. बाबांनी फोन तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. म्हणाली, "तुम्हीच सांगा. माझ्याच्याने तिला 'नाही' म्हणवणार नाही." बाबा म्हणाले, "ती मला शिव्या घालेल." आई म्हणाली, "घालू दे. माझ्यावर रागावली तर पुढे स्वतःलाच कुरतडत बसेल. तुमच्यावर रागावलेली बरी, तुम्ही दणकट आहात." बाबा हसलेही थोडे. मग ते तुला म्हणाले, ती येणार नाही.

तिला इथेच राहायचं होतं. ती म्हणाली, परक्या भिंती बघत नाही मी आता.

अंत्यसंस्काराला तू बोललीस तेव्हा मी सांगू शकले असते. बाबांनी मान हलवली माझ्याकडे बघून, एवढीशी, नको म्हणून. मी नाही सांगितलं. आता सांगितलं. का ते नीट मला माहीत नाही. मला यातल्या कशाचं काही वाटत नाहीये, मावशी. फक्त मी गेल्यावर संध्याकाळी हात धुताना ते कुणाला विचारतील, काय म्हणतोय आज, एवढं एक डोक्यात राहतं.

मुंगी


२ सप्टेंबर

भाऊजी,

पत्र तुम्हालाच लिहिलं आहे, मुंगीचं चुकून तुमच्या हातात पडलेलं नाही. ती पोचल्याचं तुम्हाला कळवलंच असेल. मला लिहिते की खोलीला खिडकी आहे पण समोर भिंत आहे, शेजारची मुलगी झोपेत बोलते, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी सांगितलेलं काहीच वाचलेलं नव्हतं. तिने पहिल्या तासाला तहांवर प्रश्न विचारला, "मग सह्या कशाला करतात?" प्राध्यापकांनी म्हणे तो फळ्यावर लिहून ठेवला. प्रश्न तुमचा आहे हे तिने तिथे सांगितलं नाही. मी तुम्हाला सांगतेय.

त्या दुपारी फोन ताईने घेतला नाही, हे मला कळलंय. कुणी सांगितलं विचारू नका, त्या घरात होतातच किती जण. कळून सहा आठवडे झाले. कळल्यावर आपलं काहीतरी होईल असं वाटलं होतं. रडू फुटेल, नाहीतर तिचाच राग येईल. काहीच झालं नाही. दुकान उघडलं, काचा पुसल्या, एका आजोबांना दूरचा चष्मा दिला. अजूनही तसंच आहे. तुमच्यावर होता तो राग उचलून घ्यायला गेले तर जागेवर नव्हता, आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

हे माफीचं पत्र नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी बोलावं लागतं, "जाऊ द्या" तरी म्हणावं लागतं. तुम्हाला बोलायला लावू नये एवढं मला आता समजतं. मी सगळ्यांसमोर जे म्हणाले ते तुम्ही ऐकून घेतलंत आणि मुलीलाही गप्प ठेवलंत. ताई तुम्हाला दणकट म्हणायची. तिची पारख चुकायची नाही, पण एखाद्याला दणकट म्हणून त्याच्यावर किती ठेवायचं, ते तिलाही कळलं नाही असं मला वाटतं. हे मी तिच्याबद्दल पहिल्यांदाच लिहितेय आणि हात थांबत नाहीये.

आता ज्यासाठी लिहिलं ते. मला तुमचे डोळे तपासायचे आहेत.

हसू नका. तुमच्या लग्नात मी शाळकरी होते आणि पुढे दुकान टाकलं तेव्हापासून मागे लागलेय, आणि तुम्ही म्हणत आलात, "मला हाताला दिसतं." इतकी वर्षं दिसलंही असेल. पण जवळचं बारीक काम करणाऱ्यांचे डोळे हळू हळू मागे सरतात, आणि माणसाला ते कळत नाही, कारण हात सवयीने पुढे जात राहतो. आत्ताच का, असं विचाराल. तर सांगत नाही. चष्मेवाली आहे, आपल्या माणसाचे डोळे तपासले नाहीत म्हणून लोक नावं ठेवतात, असं समजा.

कसं असतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला धास्ती नको. आतल्या खोलीत दिवा मालवते. एक खुर्ची आहे, तिच्यापुढे हनुवटी टेकवायला पट्टी. तुम्ही हनुवटी टेकवायची, कपाळ पुढे लावायचं, आणि माझ्या कानाच्या पाळीकडे बघत राहायचं. माझ्याकडे नाही, कानाकडे. मी छोटा दिवा घेऊन वीतभर अंतरावरून आधी उजव्या डोळ्यात बघते, मग डाव्या. बोलायचं नसतं, बोललं की हनुवटी हलते. पाणी आलं तर येऊ द्यायचं, उजेडाने सगळ्यांच्याच येतं, मी पुसायला कापूस देते आणि काही विचारत नाही. मग दिवा लावते. मग तुम्ही वाचून दाखवायचं, जे पुढे ठेवीन ते.

तुमच्याकडून इथवर पाच तास लागतात. सकाळच्या गाडीने निघालात तर संध्याकाळच्या गाडीने परत जाता येईल, राहायचा आग्रह करणार नाही. जेवायला म्हणेन, तेही घ्यायलाच हवं असं नाही. तुम्ही नाही म्हणाल. दुकानात कामं पडलीत म्हणाल, किंवा काहीच म्हणणार नाही आणि हे पत्र कुठल्यातरी बांधायच्या वहीखाली दाबून ठेवाल, वजन म्हणून. तुमच्या जागी मीही येणार नाही.

तरी विचारते. एकदा येऊन त्या खुर्चीत बसाल का?